चोवीस मिलिमीटर

बाटली आली तेव्हा पावणेदोन वाजलेले,
अर्धी भाकर हातात.
वॉर्डबॉय म्हणाला, हाड आहे, थिएटरातून थेट,
मॅडमनी लगेच लावायला सांगितलंय.
भाकर परत डब्यात.

लेबलावर: धुरपताबाई निंबा भोई,
वय त्रेचाळीस, डावी नडगी.
आत तीन तुकडे. एक गुलाबी, दोन पांढरे.
पांढरे म्हणजे
ज्यांच्याकडे रक्त यायचं थांबलं ते.

आठ महिने दोन ओळींत लिहिले होते:
मिरचीच्या पथारीवर पोती भरताना ट्रॉलीतून पडली,
प्लेट बसवली, जखम मिटली, फुटली, मिटली, फुटली.
मधल्या जागेत
चार दवाखान्यांच्या चार रंगांच्या गोळ्या
आणि वरच्या पुवाचे तीन रिपोर्ट,
तिन्हींत निरनिराळे जंतू,
त्यातल्या एकावर सही माझी.

ओट्यावर बसलेल्यांची नावं लिहून
घरात कोण राहतं ते कळत नाही.
मला तेव्हाही ठाऊक होतं.
कापसाची काडी आली, मी लावली, सही केली,
साडेपाचची एसटी पकडली.

वळवी मॅडमनी आल्या आल्या काय केलं,
तर औषधं थांबवली. पंधरा दिवस.
दबलेला जंतू ताटात उगवत नाही,
त्याला जरा निवांत वाटावं लागतं.
सिस्टर सांगत होती, त्या रात्री बाई
भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
"गोया बंद कऱ्यात,
म्हंजे मन्ही आस सोडी दिन्ही का?"

निर्जंतुक खलात मी हाड कुटतो.
आवाज ओळखीचा;
नंदुरबारात ह्या दिवसांत
घरोघरी तोच.
मेंढीच्या रक्ताच्या ताटावर रेघा ओढतो,
ताट उबेत ठेवतो,
झाकणावर तारीख.

पहिल्या दिवशी काही नाही.
वॉर्डातून फोन: आलं का?
नाही.
वारा पथारीकडून फिरला
आणि अख्खी लॅब शिंकली.

दुसऱ्या दिवशी सोनेरी ठिपके,
टाचणीच्या डोक्याएवढे, सगळे एकाच जातीचे.
काचेखाली जांभळे घोस.
सशाचा प्लाझ्मा नळीत
चार तासांत दह्यासारखा धरला.
म्हणजे तोच. नाव कळलं.
आता तो कशाने मरतो, ते.

पुन्हा ताट, पुन्हा रात्र.
सकाळी औषधाच्या चकतीभोवती
एक स्वच्छ गोल,
त्यात काहीही उगवलेलं नाही.
पट्टी लावली: चोवीस.
बावीसच्या खाली असता तर
महागडं इंजेक्शन, बाहेरची चिठ्ठी,
मूत्रपिंडांवर रोजची पाळत.
चोवीस म्हणजे आपल्याच स्टोअरमधलं
जुनं, स्वस्त औषध चालेल.
मी तीनदा मोजलं.
मग जिना चढून स्वतःच सांगायला गेलो;
फोन होता, तरी.

प्लेट काढली, मेलेलं खरवडलं,
सहा आठवडे शिरेतून, दिवसातून तीनदा.

चौथ्या आठवड्यात वॉकरची ठकठक
लॅबच्या खिडकीशी थांबली.
"मन्हं हाड आठेच शे का?"
नियम असा की ते पिवळ्या पिशवीतून
गुरुवारच्या गाडीने गेलं.
हे तिला कसं सांगावं ते नियमात नाही.
मी चिठ्ठीच्या पाठीवर एक गोल काढला,
पट्टीने मोजून, व्यास चोवीस.
म्हटलं, बाई, एवढ्या जागेत
तो तग धरू शकला नाही.

तिने गोलावर बोट ठेवलं.
देठ खुडून खुडून नखं लाल, अजूनही.
"इतलंसं?
आठ महिना येन्हासाठे जागनू मी?"
चिठ्ठीची घडी कमरेच्या पिशवीत गेली,
आणि ठकठक परत जिन्याकडे.

बरी झाली, असं मॅडम म्हणत नाहीत.
वर्षभर बघू, म्हणतात,
हाड जुनं काही विसरत नाही.

आज दुपारी पुन्हा एक बाटली.
उघडून पाहिलं, कापसाची काडी.
परत पाठवली, वर लिहून: हाड पाठवा.
वॉर्डातून फोन आला, चांगलाच तापलेला.
मी ऐकून घेतलं,
डबा अजून उघडायचा होता.